आतोबांची साठामोजणी

माणसाचे शोषण दोनच प्रकारे होते, असे माझे स्पष्ट मत आहे. एक मालक करतात आणि दुसरे आमचे आतोबा करीत. मालकाविरुद्ध निदान संप तरी करता येतो. आतोबांविरुद्ध काहीच करता येत नसे, कारण समोरच्याचा वेळ, चहा आणि सहनशक्ती ते इतक्या नम्रपणे लुटत की लुटला गेलेला माणूसच त्यांना कोपऱ्यापर्यंत सोडायला येई. आणि ही सगळी लूट कशासाठी, तर एका शब्दासाठी. शब्द इंग्रजी. तोही एखादा भारदस्त, शब्दकोश उघडायला लावणारा नव्हे. पाण्याच्या नळावरच्या बाईपासून पानाच्या ठेल्यावरच्या भय्यापर्यंत प्रत्येकाच्या तोंडी असलेला: लाइन. या एका शब्दाचे लोक किती अर्थ करतात ते गोळा करायचे, एवढेच त्या माणसाने आयुष्याचे ध्येय ठरवले होते. ज्या काळात अंबरनाथ-उल्हासनगरात एकेक कारखाना टाळे लावत होता, त्या काळात. माझ्या संतापाची कल्पना यावी म्हणून हे सांगते आहे.

आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. अंबरनाथच्या एका रसायनाच्या कारखान्यात ते कोठार सांभाळत. सातवी पास होऊन हमाल म्हणून चिकटले आणि स्टोअरकीपर झाले, त्यामुळे इंग्रजीशी त्यांचा संबंध मालाच्या नावांपुरताच. एकदा एका नव्या साहेबाने चिठ्ठी पाठवली की लाइन पाठवा, तातडीने. आतोबांनी गवंडी भिंत सरळ यावी म्हणून लावतात ती लाइनदोरी पाठवली, चांगली दोन बंडले. साहेबाला हवा होता वाफेचा पाइप. अर्धी पाळी बॉयलर थंड राहिला आणि साहेब सगळ्यांदेखत म्हणाला की ज्याला एका शब्दाचा अर्थ कळत नाही त्याच्या हाती कोठार कसले देता. दुसरा कोणी असता तर साहेबाला शिव्या घालून मोकळा झाला असता. मी असते तर पत्रक काढले असते. आतोबांनी घरी येऊन शांतपणे जेवण केले, कोठारातले एक कोरे कार्ड पुढे ओढले आणि त्यावर लिहिले: लाइन, क्रमांक एक, गवंड्याची दोरी. खाली: लाइन, क्रमांक दोन, वाफेचा पाइप. तिथून जे सुरू झाले ते थांबले नाही.

ही कार्डे समजून घेतली पाहिजेत. कोठारात मालाच्या प्रत्येक खणाला एक कार्ड लटकलेले असते. माल काय, कधी आला, कोणी दिला, त्याची सही, आणि आता किती शिल्लक. आतोबांनी शब्दालाही तोच नियम लावला. माल डोळ्यांनी बघितल्याशिवाय नोंद नाही. म्हणजे एखादा अर्थ नुसता ऐकून चालत नसे, तो अर्थ ज्याच्या रोजच्या जगण्यात आहे असा माणूस शोधायचा, त्याच्या तोंडून तो वापरात ऐकायचा आणि कार्डावर त्याची सही किंवा अंगठा घ्यायचा. मी एकदा त्यांना ग्रंथालयातून इंग्रजी शब्दकोश आणून दिला. त्यात या शब्दाचे अर्थ दीड पान भरून होते. मला वाटले, सुटलो सगळे. आतोबांनी ते पान आदराने वाचले, कोश मिटला आणि म्हणाले, "यादी चांगली आहे. पण माल कुठाय?"

माल घराबाहेर होता, आणि तो आणायला आतोबा अंगात हाफ शर्ट आणि खिशात कोरी कार्डे घालून कुठेही जात. घरी माझ्या आतेबहिणीच्या सुपारीला बसले, तेही तसेच. मुलाचे वडील सहज म्हणाले की आम्ही तीन पिढ्या रेडिमेडच्या लाइनीत आहोत. झाले. आतोबांनी नारळ बाजूला ठेवला आणि खिशातून कार्ड काढले. ऐन सुपारीत मुलीचा बाप कसल्या तरी छापील कार्डावर सही मागतो आहे म्हटल्यावर त्या मंडळींचे चेहरे पडले. एकाने दुसऱ्याच्या कानात विचारले की हे काय लिहून घेताहेत, देण्याघेण्याचे तर काही नाही ना. अर्धा तास कोणी पेढ्याला हात लावेना. शेवटी आत्या स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत आली आणि व्याह्यांना म्हणाली, "करून टाका हो सही. नाहीतर हे कुणाला जेवू द्यायचे नाहीत." त्यांनी केली. तो क्रमांक अकरा.

उल्हासनगरात जीन्सच्या पँटी शिवणारा एक सिंधी व्यापारी होता. त्याच्या गाळ्यात एकाला एक लागून शिलाई यंत्रे होती आणि त्या सगळ्या रांगेला तो लाइन म्हणे. एक यंत्र बंद पडले की ओरडे, "पूरी लाइन खडी हो गयी!" हे वाक्य त्याच्या तोंडून नैसर्गिकरीत्या निघावे म्हणून आतोबा गाळ्याबाहेर स्टुलावर दोन दुपारी बसून राहिले. यंत्र काही बंद पडेना. तिसऱ्या दुपारी व्यापाऱ्यालाच राहवेना. त्याने विचारले, काका साईं, तुम्ही कोणाकडून आलात, इन्कमटॅक्स की सेल्सटॅक्स? आतोबांनी खरे ते सांगितले. तो माणूस उठला, स्वतःच्या हाताने मोटारीचे बटण बंद केले, सगळी यंत्रे थांबवली, ओरडायचे ते ओरडला आणि सही केली. आतोबा घरी आले ते एक जीन्स घेऊन. सहीच्या उपकारापोटी विकत घेतली होती. ती त्यांना कमरेत होईना, तेव्हा आत्याने तिची बाजाराची पिशवी शिवली. ती पिशवी आमच्या सगळ्यांच्या आधी मरणार नाही अशी माझी खात्री आहे.

विठ्ठलवाडीच्या एस.टी. डेपोसमोर काही पोरे उभी राहून जाणाऱ्या मुलींवर लाइन मारीत. हा अर्थ सोडावा, निदान वयाकडे बघून सोडावा, असे आम्ही सगळ्यांनी सांगून पाहिले. आतोबा म्हणाले, माल हलका म्हणून नोंद टाळायची नसते. ते गेले आणि त्यातल्या एकाला अत्यंत अदबीने विचारले की आपण हे जे करता आहात त्याला काय म्हणतात आणि त्याखाली सही कराल का. पोरे पळाली. मुलीच्या घरून कोणीतरी आलाय, असा त्यांचा समज. एक मात्र चप्पल तुटल्यामुळे सापडला आणि त्याने घाबरून सही केली. पुढे तोच एस.टी.त कंडक्टर झाला आणि ज्या मुलीसाठी तो तिथे उभा राही तिच्याशीच त्याचे लग्न झाले. आतोबांनी ते कार्ड काढून शिल्लकीच्या रकान्यात लिहिले: माल खपला.

आता हे त्यांना कसे कळले, तर साठामोजणीमुळे. ही साठामोजणी म्हणजे कळस होता. कारखान्यात मार्चअखेर कोठारातला सगळा माल मोजून कार्डाशी ताडून बघतात. आतोबाही दर मार्चमध्ये पेटी उघडून पहिल्या कार्डापासून सुरुवात करीत आणि सही करणाऱ्या प्रत्येकाच्या दारात पुन्हा जाऊन उभे राहत. तुम्ही अमुक साली हा शब्द या अर्थाने दिला होता, तो अजून वापरात आहे का? गवंडी, शिंपी, टेलिफोनचा लाइनमन, हात बघणारा जोशी, मैदानावरचा पंच, सगळ्यांकडे. कोणी आजारी असे, तर त्याच्या उशाशी बसून. कोणाच्या घरी बारसे असे, तर पेढा खाऊन. नळावर रांगेत उभ्या राहणाऱ्या बायकांचे एक सामाईक कार्ड होते. त्याची मोजणी चालू असताना पाणी गेले आणि सगळ्या हंड्यांनी मिळून आमच्या आत्याला जे ऐकवले ते छापण्यासारखे नाही. आत्या संध्याकाळी म्हणाली, "माझ्या बापाने विचारलं असतं ना, की मुलगा कुठल्या लाइनचा आहे, तर मी आज इथे नसते." आतोबांचा हात खिशाकडे गेला. तिने लाटणे उचलले.

माझे कार्ड पेटीत सगळ्यात शेवटी होते. आमच्या घरात मी बाराखडी पुस्तकावरून शिकले नाही, वडील घरी घडी घालायला आणत त्या पत्रकांवरून शिकले. पहिला शब्द वाचला तो 'जाहीर'. कॉलेजात गेल्यावर मी आमच्या डाव्या गटाची पत्रके स्वतः लिहू लागले आणि एकदा आतोबांसमोर बोलून गेले की या प्रश्नावर आमची लाइन स्वच्छ आहे. त्यांनी कार्ड काढले. मी त्यांना भूमिका म्हणजे काय, दिशा म्हणजे काय, हे तासभर समजावले. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "गेल्या दिवाळीत तू याच्या उलट म्हणत होतीस. मग यातली कुठली टाकू?" मी म्हटले, परिस्थिती बदलते तशी लाइन बदलते. ते म्हणाले की मग आत्ता सही नको, मार्चमध्ये बघू. गटार, पाणी, वाफ आणि डेपोवरची टवाळ पोरे, या सर्वांच्या सह्या या माणसाने घेतल्या, आणि माझी विचारसरणी तेवढी कच्ची म्हणून ठेवून दिली. दर मार्चला ते मला विचारीत आणि दर मार्चला मी चिडून काहीतरी नवे सांगे. ते पेन्सिलने कार्डावर काहीतरी लिहीत आणि मला न दाखवता पेटीत टाकीत. मला ते 'पत्रकबाई' म्हणत. मला त्याचाही राग येई.

आणि मग खरोखरची लाइन आली.

आतोबा निवृत्त झाले होते. अंबरनाथ आणि बदलापूरच्या मध्ये, ओढ्याच्या अलीकडे, बारा खोल्या नावाची एक बैठी चाळ होती. तिथे ते आणि आत्या राहत. खोल्या अकराच होत्या, पण नाव बारा. एका सकाळी दोन माणसे टेप आणि चुन्याच्या फक्कीची पाटी घेऊन आली आणि चाळीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पांढरी रेघ मारून गेली. रेघ सगळ्यांच्या ओट्यावरून जात होती आणि आत्याच्या खोलीत तर चूल रस्त्यावर, पलंग घरात, अशी वाटणी करत होती. होणाऱ्या रस्त्याची ही लाइन, असे त्यांनी सांगितले. कोणाची हरकत असेल तर मार्चच्या शेवटच्या आठवड्यात कचेरीत सुनावणी आहे, तिथे सांगावी. आत्या त्या दिवशी दुपारभर त्या रेघेच्या आतल्या बाजूला बसून राहिली. पायही पलीकडे टाकेना.

मी लढ्यात उडी घेतली. तीन दिवसांत पत्रक तयार केले. 'रस्ता कोणाचा, घर कोणाचे?' असा मथळा. दोन हजार प्रती काढल्या, कुळगावपासून उल्हासनगरपर्यंत वाटल्या. माझी मागणी एकच होती: सुनावणीच्या दिवशी लोकांनी कचेरीच्या आवारात जमावे, इतके जमावे की साहेबाला खिडकीतून दिसले पाहिजे. आतोबांना पत्रक दाखवले. त्यांनी चष्मा लावून वाचले आणि म्हणाले, "जोरदार आहे. पण हे वाटलंस ते कुणाला?" मी म्हटले, जनतेला. "त्यातलं कोण कोण तुला ओळखतं?" असल्या प्रश्नांना आमच्याकडे बूर्झ्वा प्रश्न म्हणत.

खरे भांडण पुढेच झाले. सुनावणीला दहा दिवस होते आणि मी त्यांच्याकडे गेले तर आतोबा ओट्यावर, त्या पांढऱ्या रेघेवरच पाट टाकून, पेटी उघडून बसलेले. पुढ्यात पोस्टकार्डांचा गठ्ठा. मी विचारले, हे काय. ते म्हणाले की यंदा घराच्या भानगडीमुळे साठामोजणीला फिरता येणार नाही, म्हणून सगळ्यांना कळवतो आहे की यंदा आपणच यावे. सुनावणीच्या दिवशी, कचेरीच्या आवारात, सकाळी दहाला. म्हणजे एकाच खेपेत दोन्ही कामे होतील.

माझा तोल गेला. घर जाते आहे आणि तुम्हाला कार्डे सुचतात, असे म्हटले. एवढ्यावर थांबायला हवे होते. पण मी पुढे म्हटले, "एका शब्दापायी तुम्ही जन्म फुकट घालवलात. आत्याचाही घालवलात." आत्या दारातच उभी होती. आतोबांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. मग म्हणाले, "स्टॉकटेकिंग तारखेला झालंच पाहिजे, बाळ. त्याला इलाज नाही." आणि पुढचे पोस्टकार्ड उचलले. पत्ते आत्या लिहून देत होती, कारण आतोबांचे अक्षर पोस्टमनला लागत नसे. जन्मभर त्या कार्डांना शिव्या घालणारी आत्या, मान खाली घालून पत्ते लिहीत होती. मी तशीच निघून आले.

सुनावणीच्या दिवशी मी घोषणांचा फलक घेऊन नऊलाच आवारात हजर झाले. दहा वाजेपर्यंत माझ्या दोन हजार पत्रकांना ओ देऊन नऊ माणसे आली. त्यातली सात बारा खोल्यांतलीच होती, आठवा आमच्या गटाचा होता आणि नववा जन्माचा दाखला काढायला आला होता. तो रांग कुठे आहे, असे मलाच विचारत होता. आतोबा इस्त्रीचा हाफ शर्ट घालून, पेटी मांडीवर घेऊन पायरीवर बसले होते. मी त्यांच्याकडे बघायचे टाळत होते.

मग फाटकातून टेलिफोनचा लाइनमन आला, खांद्यावर दोरांचे वेटोळे तसेच. त्याच्यामागून गवंडी, चार जोडीदारांसह. शिंपी आला, जोशी आला, पांढरी टोपी घालून पंच आला. कंडक्टर रजा टाकून, बायकोला आणि मुलीला घेऊन आला. नळावरच्या बायका आल्या, त्या आतोबांवर ओरडतच आल्या. अकरा क्रमांकाचे व्याही आले. उल्हासनगरचा सिंधी आपल्या गाडीतून उतरला, त्याच्यामागे टेम्पोतून गाळ्यावरचे सगळे कारागीर, आणि आवारभर ऐकू जाईल असे म्हणाला, "काका साईं, आज पूरी लाइन बंद करके आया हूँ." मोजणीला बोलावले होते एकेकाला. एकटा असा कोणीच आला नव्हता. आवार भरले, पायऱ्या भरल्या, लोक फाटकाबाहेर उभे राहिले. साहेबांनी खिडकीतून बघितले आणि शिपायाला पाठवले की विचार, कुठली युनियन आहे. शिपाई मला विचारायला आला, कारण फलक माझ्या हातात होता. शिपायाने सगळ्यांना हात करून सांगितले, "लाइनीत उभे राहा, लाइनीत." आतोबांचा हात खिशाकडे गेला. आत्याने तो वरच्या वर धरला आणि धरूनच ठेवला.

सगळ्यात शेवटी, धुतलेले धोतर नेसून, वांगणीचा एक म्हातारा आला. रस्त्यांच्या मोजणीत साखळीचे टोक धरणे हे त्याचे जन्मभराचे काम होते आणि जमिनीवर आखलेली रेघ, या अर्थाचे कार्ड त्याच्या अंगठ्याचे होते. आत सुनावणी सुरू झाली तेव्हा मी माझे भाषण केले. साहेबांनी ते घड्याळाकडे बघत ऐकले. मग आतोबा उठले आणि भाषण न करता त्या म्हाताऱ्याला पुढे करून म्हणाले, "साहेब, या रस्त्याची लाइन पहिल्यांदा आखली तेव्हा हे होते. दर वर्षी मी यांना विचारतो. दर वर्षी एकच सांगतात." साहेबांनी म्हाताऱ्याकडे बघितले. म्हातारा म्हणाला, "सायेब, साखली मीनंच धरली व्हती. खुंटी पिपलाच्या पल्याड ठोकली, वढ्याकडं. चालीकडं नाय. खुंटी लोखंडाची हाय, खणून बगा."

साहेबांनी पुन्हा एकदा खिडकीबाहेर नजर टाकली. मग म्हणाले की ठीक आहे, खणून बघू.

खुंटी निघाली. रस्ता ओढ्याच्या बाजूला सरकला. सगळे वाचले असे नाही, टोकाच्या दोन खोल्यांचे ओटे गेलेच आणि आत्याला तुळस मागे न्यावी लागली. पण चूल आणि पलंग एका घरात राहिले. मी लगेच विजयाचे पत्रक लिहिले. जनशक्तीचा विजय, असे त्यात होते. आतोबांनी ते वाचले आणि पहिल्यांदाच एकही शंका काढली नाही. ते जास्त लागले. त्या दिवशी मोजणी मात्र राहून गेली. एवढ्या लोकांना चहा द्यायचा होता, आणि पेटी कोणी उघडलीच नाही. त्यांना पहिल्यापासून हेच हवे होते का, हे मी नंतर दोनदा विचारले. दोन्ही वेळा त्यांनी सांगितले की स्टॉकटेकिंग तारखेला होऊ शकले नाही याचे फार वाईट वाटते.

पुढच्या दोन वर्षांत आतोबा थकले आणि एका फेब्रुवारीत गेले, मोजणीला महिना असताना. तेराव्याला तीच सगळी माणसे आली. जेवणे झाल्यावर कंडक्टरने विचारले की यंदा मोजणीला कोण येणार. आत्या आत गेली, पेटी घेऊन आली आणि माझ्या पुढ्यात ठेवली. मला विचारलेही नाही. या घराण्यात माणसाचे मत विचारायची पद्धतच नाही.

त्या मार्चमध्ये मी संध्याकाळच्या संध्याकाळ वणवण केली. प्रत्येक दारात चहा, प्रत्येक दारात आतोबांच्या गोष्टी, माझ्या लिखाणाचा सत्यानाश. वांगणीला गेले तर म्हातारा मला स्टेशनपर्यंत सोडायला आला. पेटीतले शेवटचे कार्ड शेवटी निघाले. माझे. सहीची जागा कोरी होती आणि खाली पेन्सिलने, वर्षावर वर्ष, शेरे होते. 'पुढच्या वर्षी विचारणे.' 'पुन्हा बदलली. पुढच्या वर्षी विचारणे.' 'आवाज वाढला आहे. विचारणे.' सुनावणीच्या वर्षाचा: 'रागावली आहे. खरे बोलली. विचारणे.' आणि सगळ्यात खाली, अक्षर हललेले, शेवटच्या मार्चचा: 'माल वाटेवर आहे. घाई करू नये.'

मी ओट्यावर, जिथे ती पांढरी रेघ होती तिथेच, कार्ड हातात घेऊन बसले होते. आत्याने आतून विचारले की झाली का गं मोजणी. मी म्हटले, एक राहिलंय. ती म्हणाली, "राहू दे. पुढच्या वर्षी कर."